मेक म्हणतो ‘एरर १’, पण बोलतंय नक्की कोण?

बिल्ड, म्हणजे सोर्स कोडवरून चालता प्रोग्राम बनवणं, फेल झालं की आमच्या ग्रुपवर येणारा स्क्रीनशॉट ठरलेला असतो. टर्मिनलच्या शेवटच्या तीन ओळी, त्यात तीन फुल्या आणि ‘एरर १’, आणि खाली मेसेज, ‘भिया सगळं बरोबर टाकलंय तरी होत नाहीये, कोणी बघा ना’. ग्रुप म्हणजे आपली इंदूरची मराठी पोरंपोरी, कोणी कॉलेजात, कोणी सुपर कॉरिडॉरवर नोकरीला, कोणी रामबागेत घरी बसून फ्रीलान्स करतंय, सगळी हुशार मंडळी आहेत, पण त्या तीन ओळी बघून रोग सांगणं ब्रह्मदेवाला पण जमणार नाही. कारण त्या ओळी ज्यानं लिहिल्यात त्याला स्वतःलाच काही माहीत नसतं.

कसं ते सांगतो. (कमांड मी बोलतो तशाच देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करा.) तुम्ही सोर्स कोड आणून ‘मेक’ मारता तेव्हा मेक स्वतः काहीच कंपाइल करत नाही, म्हणजे कोडचा मशीनकोड बनवत नाही. हा प्रोग्राम १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमननं लिहिला आणि त्याचं मूळ काम आजही तेवढंच आहे, कुठली फाइल कुठल्या फाइलवरून बनते ते मेकफाइलमध्ये वाचायचं, दोघींच्या तारखा-वेळा बघायच्या, जी जुनी झाली असेल ती परत बनवायला दुसऱ्या कोणाला तरी कामाला लावायचं. तो दुसरा कोणी काम झाल्यावर एक आकडा परत देतो, शून्य म्हणजे झालं, बाकी काहीही म्हणजे नाही झालं. मेकला कळतो तो फक्त हा आकडा. मग तो तीन फुल्या काढतो, आकडा छापतो आणि थांबतो. एरर १ म्हणजे ‘मी ज्याला पाठवलं तो १ म्हणाला’, बस एवढंच. एरर २ दिसला तर बऱ्याचदा आतल्या फोल्डरमधला धाकटा मेक पडलाय आणि बाहेरचा मोठा मेक फक्त त्याची बातमी देतोय, म्हणजे अजून वर जावं लागणार.

तर पहिली गोष्ट, खालून नाही, वरून बघायचं. पहिला एरर शोधायचा. नंतरचे पन्नास एरर बहुतेक त्या पहिल्याचीच पिलावळ असतात, कोडमध्ये एक हेडर (फंक्शन आणि टाइप जाहीर करणारी फाइल) घालायचं राहिलं की त्यातले सगळे टाइप अनोळखी होतात आणि कंपायलर प्रत्येकासाठी वेगळा ओरडतो. आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तो एरर बोलतंय कोण ते ओळखायचं. बिल्डमध्ये पाच-सहा वेगवेगळे प्रोग्राम एकामागे एक येतात, शेल (तुमची कमांड वाचून चालवणारा), कॉन्फिगर स्क्रिप्ट (मशीनवर काय काय आहे ते आधी तपासणारी), प्रीप्रोसेसर (हेडर आणून कोडमध्ये घालणारा), कंपायलर, असेंबलर, लिंकर (सगळे तुकडे आणि लायब्ऱ्या जोडणारा), आणि सगळ्यांच्या मागे गप्प बसलेला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी. कोण बोलतंय हे कळलं की कुठे हात घालायचा ते अर्धं कळतं, आणि नाही कळलं तर माणूस गूगलवर ‘मेक एरर १’ शोधत बसतो आणि दहा वर्षं जुनी, भलत्याच सॉफ्टवेअरची उत्तरं आपल्या मशीनवर चिकटवत राहतो.

पहिला एरर सापडायला अडचण येते ती मायनस जे मुळे. सगळे ‘मेक मायनस जे ८’ मारतात म्हणजे आठ फाइली एकदम कंपाइल होतात, त्यातली एक पडली तरी बाकीच्या सात आपापलं हातातलं काम संपवेपर्यंत बडबडत राहतात आणि खरा एरर दोनशे ओळी वर निघून जातो. याच्यावर सोपा उपाय म्हणजे फेल झाल्यावर लगेच परत नुसतं ‘मेक’ मारायचं, मायनस जे न लावता. ज्या फाइली झाल्यात त्या मेक परत करत नाही, तारखा बघतो ना तो, त्यामुळे थेट पडलेल्या फाइलशी येतो आणि एरर अगदी शेवटी, स्वच्छ दिसतो. तेवढ्यानं नाही भागलं तर सगळं आउटपुट, एररसकट, ‘टी’ (टी-ई-ई) कमांडनं एका फाइलमध्ये घ्या आणि त्यात ‘एरर’ आणि पुढे कोलन असं शोधा. कोलन नाही लावलं तर ज्यांच्या नावातच एरर आहे अशा फाइली पण सापडत बसतात. आणि काही बिल्ड आजकाल सभ्यपणा म्हणून पूर्ण कमांड दाखवतच नाहीत, नुसतं ‘सीसी अमुक डॉट ओ’ एवढंच छापतात, तिथे ‘व्ही इज इक्वल टू १’ किंवा सीमेकवाल्या (सीमेक म्हणजे मेकफाइल बनवून देणारं टूल) प्रोजेक्टात ‘व्हर्बोज इज इक्वल टू १’ मेकच्या पुढे लावा, कंपायलरला नक्की कुठले फ्लॅग, म्हणजे कमांडसोबतच्या सूचना, गेलेत ते उघडं पडतं.

आता एकेक आवाज.

‘कमांड नॉट फाउंड’ हा शेल. आकडा १२७ येतो. प्रोग्रामच नाही, बायसन नाही, फ्लेक्स नाही, ऑटोकॉन्फ नाही, टाका आणि पुढे चला. १२६ आला तर प्रोग्राम आहे पण चालवायची परवानगी नाही, पेनड्राइव्हवर किंवा विंडोजच्या पार्टिशनवर बिल्ड करत असाल तर हे होऊ शकतं. ‘बॅड इंटरप्रिटर’ आणि त्याच्या शेवटी टोपी-एम दिसला तर कोणीतरी ती स्क्रिप्ट विंडोजवर उघडून सेव्ह केलीये, ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटलंय, ‘डॉस-टू-युनिक्स’ चालवा. ‘मिसिंग सेपरेटर’ आला तर तो मात्र मेक स्वतः बोलतोय, मेकफाइलमध्ये टॅबच्या जागी स्पेस आल्यात, वेबपेजवरून कॉपी-पेस्ट केलं की होणारच. आणि फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका हो. ‘न्यू फोल्डर’मध्ये सोर्स कोड ठेवून बिल्ड करणारे लोक अजूनही भेटतात, मग कधी कॉन्फिगर ‘अनसेफ एसआरसीडिर व्हॅल्यू’ म्हणून पहिल्याच पायरीला हात वर करतं, कधी पुढे मेक अडखळतो.

कॉन्फिगरबद्दल जरा थांबून सांगतो. ‘चेकिंग फॉर’ अशी शेकडो ओळींची रांग येते ना, त्यात ‘नो’ दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, निम्म्या गोष्टी असल्या तर बऱ्या, नसल्या तरी चालतं अशा असतात. पण ते थांबलंच, तर स्क्रीनवरचं वाक्य पुष्कळदा दिशाभूल करतं. प्रसिद्ध वाक्य म्हणजे ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’. वाचून वाटतं जीसीसीच, म्हणजे आपला कंपायलरच, बिघडलं, आणि लोक जीसीसी काढून परत टाकतात. खरं तर कॉन्फिगर बहुतेक चेकसाठी एक चिमुकला सी प्रोग्राम लिहितं, तो कंपाइल करून बघतं आणि कंपायलर काय म्हणाला ते सगळं ‘कॉन्फिग डॉट लॉग’ नावाच्या फाइलमध्ये जसंच्या तसं ठेवतं. ती उघडली की दिसतं, की तुम्हीच सीफ्लॅग्ज या कंपायलरच्या फ्लॅगांच्या व्हेरिएबलमध्ये काहीतरी चुकीचं स्पेलिंग घातलं होतं, किंवा लिबसी-ची (सी भाषेची मूळ लायब्ररी) डेव्हलपमेंट फाइल नाहीये. फक्त त्या लॉगच्या अगदी तळाशी जाऊ नका, तिथे सगळ्या व्हेरिएबलची लांबलचक यादी ओतलेली असते, ती बिनकामाची. स्क्रीनवर जे वाक्य आलं तेच लॉगमध्ये शोधा आणि त्याच्या थोडंसं वर वाचा. सीमेक असेल तर बिल्ड फोल्डरच्या आत सीमेकफाइल्स नावाच्या फोल्डरात त्याचा लॉग असतो, मेसॉन या तसल्याच टूलचा मेसॉन-लॉग्ज मध्ये.

मग येतो सगळ्यात जास्त वेळा भेटणारा, फाइलचं नाव, कोलन, ओळ नंबर, कोलन, आणि पुढे ‘फेटल एरर: झेडलिब डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. हा प्रीप्रोसेसर. इथे नवीन माणूस गोंधळतो, कारण तो जाऊन बघतो तर झेडलिब ही लायब्ररी मशीनवर आहेच, पॅकेज मॅनेजर सांगतो ऑलरेडी इन्स्टॉल्ड, मग नाही कसं? डेबियन-उबंटू या डिस्ट्रोंवर, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांवर, एका लायब्ररीची दोन पॅकेजं असतात. एक चालवायला लागणारं, ज्यात खरा मशीनकोड असतो, आणि दुसरं ‘डेव्ह’ शेपटीचं, ज्यात हेडर असतात. हेडर म्हणजे नुसतं मेन्यूकार्ड, कुठलं फंक्शन मिळतं, त्याला काय द्यायचं, ते काय देणार. लायब्ररी म्हणजे चूल. भुट्ट्याचा कीस मेन्यूत लिहिलेला नसेल तर ऑर्डरच घेत नाहीत, हा हेडरचा एरर, आणि मेन्यूत आहे पण चुलीवर कोणीच नाही, तो लिंकरचा, जो पुढे येतोय. रोजच्या वापरासाठी मशीनला फक्त चूल लागते म्हणून डिस्ट्रो तेवढीच टाकते. बिल्ड करायला दोन्ही लागतात.

तर झेडलिब डॉट एच साठी उबंटूवर झेडलिब१जी-डेव्ह, फेडोरावर झेडलिब-डेव्हल. ओपनएसएसएलसाठी लिबएसएसएल-डेव्ह आणि ओपनएसएसएल-डेव्हल. आर्चवर आणि फ्रीबीएसडीवर (ही लिनक्स नाही, वेगळी युनिक्सच्या जातीची सिस्टिम) ही फाळणी जवळजवळ नसतेच, हेडर त्याच पॅकेजात येतात, त्यामुळे तिथून आलेल्या माणसाला हा सगळा प्रकार वेडेपणा वाटतो. नाव माहीत नसेल तर अंदाज करत बसू नका, उबंटूवर ‘एपीटी-फाइल सर्च’ आणि पुढे हेडरचं नाव, फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’, दोघं सांगतात ही फाइल कुठल्या पॅकेजात आहे. आणि जे सॉफ्टवेअर तुम्ही बिल्ड करताय ते डिस्ट्रोकडे आधीच थोडं जुनं का होईना पण असेल, तर ‘एपीटी बिल्ड-डेप’ हा रामबाण आहे, त्या सॉफ्टवेअरच्या बिल्डला लागणारं झाडून सगळं एका कमांडमध्ये येतं, फक्त आधी सोर्स रिपॉझिटरी चालू करावी लागते. हे लोकांना का माहीत नसतं मला कळत नाही. दहा-दहा डेव्ह पॅकेजं एकेक करून, प्रत्येक वेळी नवा एरर खाऊन टाकत बसतात.

हेडर डिस्कवर आहे, तरी सापडत नाही असं पण होतं. मग बहुतेक पीकेजी-कॉन्फिगचा मामला असतो. बऱ्याचशा लायब्ऱ्या आपली एक छोटी ‘डॉट पीसी’ फाइल ठेवतात, माझे हेडर इथे, माझी लायब्ररी तिथे, आणि बिल्ड तिच्या भरवशावर चालतं. तुम्ही एखादी लायब्ररी स्वतः बिल्ड करून होम फोल्डरमध्ये टाकली असेल तर तिथली पीसी फाइल कोणी बघायला जात नाही, ‘पीकेजी कॉन्फिग पाथ’ हे व्हेरिएबल सेट करावं लागतं. याचंच उलटं दुखणं कोंडावाल्यांना होतं. मशीन लर्निंगच्या कोर्ससाठी अ‍ॅनाकोंडा (पायथन आणि त्याच्या पॅकेजांचा गठ्ठा) टाकलेला असतो, त्याचं एन्व्हायर्नमेंट टर्मिनल उघडताच आपोआप चालू होतं, आणि त्याच्या पोटात स्वतःच्या लायब्ऱ्या, कधीकधी स्वतःचा पीकेजी-कॉन्फिग आणि लिंकर पण असतो. मग हेडर सिस्टिमचे, लायब्ररी कोंडाची, असा खिचडा होऊन असे काही एरर येतात की कोणालाच अर्थ लागत नाही. ‘कोंडा डिअ‍ॅक्टिव्हेट’ करा, बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा, परत सुरू करा. फोल्डर उडवणं महत्त्वाचं, सीमेक आधी सापडलेले पत्ते कॅशमध्ये लिहून ठेवतो आणि नंतर तुम्ही कितीही सुधारणा केल्या तरी जुन्याच पत्त्यावर जातो.

आता चूल, म्हणजे लिंकर. त्याची ओळख सोपी, ओळीत ‘एलडी’ दिसतं आणि शेवटी ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’. दोन तऱ्हा आहेत. ‘कॅनॉट फाइंड मायनस एल अमुक’ म्हणजे लायब्ररीची फाइलच मिळाली नाही. यात एक मजा आहे, तुम्ही डिस्कवर बघता तर लिबझेड डॉट एसओ डॉट १ अशी फाइल असते, पण लिंकरला हवी असते शेवटचा १ नसलेली, नुसती डॉट एसओ. ती फक्त एक सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी पाटी, आहे आणि ती पण डेव्ह पॅकेजातच येते. सिमलिंक हातानं बनवायचे सल्ले नेटवर भरपूर मिळतील, बनवू नका, पॅकेज टाका. दुसरी तऱ्हा, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ आणि पुढे फंक्शनचं नाव. म्हणजे मेन्यूकार्डावर विश्वास ठेवून कंपायलरनं पास केलं, पण प्रत्यक्ष कोड कुठेच नाही. इथे कॉलेजच्या पोरांना सगळ्यात जास्त छळतं ते म्हणजे क्रम. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि त्या क्षणापर्यंत ज्याची मागणी आलीये तेवढंच लायब्ररीतून घेतो. तुम्ही मायनस एल एम आधी लिहिलं आणि आपली फाइल नंतर, तर गणिताची लायब्ररी आली तेव्हा कोणी काही मागितलेलंच नव्हतं, त्यानं सोडून दिली, आणि नंतर एसक्यूआरटी (वर्गमूळ) मागितलं तेव्हा ती गेलेली. उबंटूवर शेअर्ड (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या) लायब्ररीला पण हे लागू होतं, कारण तिथे गरज नसलेल्या लायब्ररी वगळायचा फ्लॅग आधीपासून चालू असतो, म्हणून मित्राच्या दुसऱ्या डिस्ट्रोवर तीच ओळ चालते आणि तुमच्याकडे नाही. लायब्ऱ्या नेहमी शेवटी. आणि न सापडलेल्या नावात ‘सीएक्सएक्स११’ असं काही दिसलं तर ती सी प्लस प्लसची लायब्ररी जुन्या पद्धतीनं कंपाइल झालीये, जीसीसी ५ मध्ये, २०१५ साली, स्ट्रिंगची आतली रचनाच बदलली, जुनी आणि नवी एकमेकांशी जुळत नाहीत. लायब्ररी परत त्याच कंपायलरनं बिल्ड करणं हाच सरळ मार्ग.

काही वेळा कोणीच बोलत नाही. तेव्हा समजायचं कर्नल. ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस’ एवढीच ओळ येते, किंवा आकडा १३७. तो म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ नंबरचा सिग्नल म्हणजे सरळ मान मुरगळणे. रॅम संपली की कर्नल जो सगळ्यात जास्त खातोय त्याला मारतो, आणि त्या वेळी तो कंपायलर असतो. जड सी प्लस प्लसची एकेक फाइल कंपाइल होताना एक-दोन जीबी सहज घेते, तुमच्याकडे लॅपटॉप ८ जीबीचा, ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे, आणि तुम्ही मायनस जे ८ दिलंय, हिशोब तुम्हीच करा. मेकऐवजी निंजा वापरत असाल तर तो न सांगता सगळे कोर वापरतो, त्याला पण मायनस जे २ सांगावं लागतं. खात्री करायला ‘डीमेसेज’ (डी-एम-ई-एस-जी) बघा, ‘आउट ऑफ मेमरी’ असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. जॉब कमी करा, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवा, ब्राउझर बंद करा, सावकाश होईल पण होईल. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हा याचाच चुलतभाऊ, आणि तो आला तर फक्त होम बघू नका, टेम्प फोल्डर पण बघा, काही डिस्ट्रोंमध्ये तो रॅममध्येच असतो. ‘डीएफ’ जागा रिकामी दाखवत असेल तरी ‘डीएफ मायनस आय’ करून बघा, लहान लहान फाइली इतक्या झाल्या की आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपतात.

आता एक खास आपल्याकडची केस. जेल रोडवरून जुना असेंबल्ड पीसी आणलाय, चालतो मस्त, पण बिल्ड दर वेळी वेगळ्याच फाइलवर पडतं. एकदा या फाइलमध्ये, परत मारलं तर ती पास होते आणि पुढची पडते, आणि एरर ‘इंटर्नल कंपायलर एरर: सेग्मेंटेशन फॉल्ट’. इथे कोडकडे बघूच नका. सॉफ्टवेअरचा दोष असेल तर तो रोज त्याच ओळीवर येईल, जागा बदलत फिरणार नाही. जागा बदलतोय म्हणजे रॅम खराब आहे नाहीतर प्रोसेसर तापतोय. बऱ्याच डिस्ट्रोंचं जीसीसी तर स्वतःच परत प्रयत्न करून सांगतं की हा बग पुन्हा येत नाहीये, बहुधा हार्डवेअर किंवा ओएसचा प्रॉब्लेम आहे, पण ती ओळ कोण वाचतो. मोठं बिल्ड म्हणजे सगळे कोर पूर्ण ताकदीनं तासभर, मे महिन्यात इंदूरात पारा चाळिशीपार, वरच्या मजल्यावरची खोली, आणि कॅबिनेटमध्ये चार वर्षांची धूळ. आधी धूळ झाडा, पंख्याखालची थर्मल पेस्ट बदला, ‘सेन्सर्स’ कमांडनं टेंपरेचर बघत बिल्ड करा. तरी होत असेल तर रात्रभर मेमटेस्ट लावा, लाल ओळ दिसली की रॅमची एकेक पट्टी काढून बघा.

असल्याच पीसीवर दुसरा प्रकार, ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड, युअर बिल्ड मे बी इनकम्प्लीट’. मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपलेली, लाइट गेली आली की मशीनची तारीख कुठल्या तरी जुन्या साली जाते. मग काल बनलेल्या फाइली आजच्या हिशोबानं भविष्यातल्या होतात आणि मेकचा तर सगळा संसारच तारखांवर, त्याला कळेना कोण जुनं कोण नवं. कधी सगळं परत परत कंपाइल करत बसतो, कधी बदललेली फाइल सोडून देतो. सीआर२०३२ नावाची बॅटरी कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते, ती बदला, वेळ नेटवरून जुळवून घ्या आणि ‘मेक क्लीन’ करून परत सुरू करा.

पुढचा मुद्दा थोडा इतिहासाचा आहे पण त्यावाचून गत्यंतर नाही. ‘अहो हाच कोड मागच्या वर्षी चालत होता, एक अक्षर बदललं नाहीये’ असं कोणी म्हणालं की मी विचारतो, डिस्ट्रो अपग्रेड केलीत का? कोड तसाच राहतो, खालची जमीन हलते. जीसीसी १० नं २०२० मध्ये एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलींत ठेवण्याची जुनी सवलत काढली, ‘मल्टिपल डेफिनिशन’चे एरर आले. जीसीसी १४ नं २०२४ मध्ये जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं, जे आधी नुसती वॉर्निंग होतं, ते एरर करून टाकलं. २०२५ च्या जीसीसी १५ नं तर मूळ भाषाच सी२३ धरली, त्यात ‘बूल’ हा राखीव शब्द झाला आणि स्वतःचा बूल बनवणारे जुने प्रोग्राम आडवे पडले. पायथन ३.१२ नं २०२३ मध्ये डिस्टयुटिल्स हे पॅकेजं बिल्ड करायचं जुनं मोड्यूल काढलं, सीमेक ४ नं २०२५ मध्ये ३.५ च्या आधीच्या प्रोजेक्टांना दारातूनच परत पाठवलं, आणि ओपनएसएसएल १.१ नं २०१६ मध्ये आपल्या रचना झाकून टाकल्या, त्याचे ‘इनकम्प्लीट टाइप’वाले एरर जुन्या कोडमध्ये अजूनही भेटतात.

यावर तात्पुरते फ्लॅग आहेत. जीसीसी १० साठी मायनस एफ-कॉमन, जीसीसी १५ साठी मायनस एसटीडी इज इक्वल टू जीएनयू१७, आणि सीमेक ४ ला किमान पॉलिसी व्हर्जन ३.५ सांगणं. हे तिन्ही मी बिनधास्त वापरतो. ‘मायनस डब्ल्यू एरर’मुळे नुसत्या वॉर्निंगवर बिल्ड अडत असेल तर ते पण काढून टाका, तो फ्लॅग लेखकानं स्वतःसाठी ठेवायचा असतो, दुसऱ्याच्या मशीनवर पाठवायचा नसतो, हे माझं स्पष्ट मत. पण जाहीर न केलेल्या फंक्शनचा एरर गप्प करण्याच्या मी विरोधात आहे. कंपायलर अशा फंक्शनचं उत्तर इंट समजतो, ३२ बिट, आणि ते खरं तर ६४ बिटांचा पॉइंटर देत असेल तर वरचा अर्धा भाग कापला जातो, बिल्ड पास होतं आणि प्रोग्राम कधीतरी भलत्याच जागी मरतो. तिथे बरोबर हेडर घालणं हाच उपाय. आणि काहीही पॅच करण्याआधी त्या प्रोजेक्टचं नवीन व्हर्जन आलंय का बघा, नसेल तर डेबियन किंवा फेडोराच्या पॅकेजमध्ये डोकवा, त्यांच्याकडे तोच पॅच बहुतेक आयता पडलेला असतो.

फ्रीबीएसडी किंवा मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. फ्रीबीएसडीचा ‘मेक’ हा जीएनयूचा मेक नाही, लिनक्सवर लिहिलेली मेकफाइल दिली तर ‘नीड अ‍ॅन ऑपरेटर’ वगैरे म्हणतो, तिथे ‘जीमेक’ टाकून वापरा. कंपायलर २०१४ च्या फ्रीबीएसडी १० पासून क्लँग आहे, आणि पोर्ट्समधून (फ्रीबीएसडीचा सॉफ्टवेअरसंग्रह) आलेले हेडर युझर-लोकलमध्ये बसतात जिथे तो आपणहून बघत नाही, पाथ द्यावा लागतो. पोर्ट्समधलं काही पडलं तर आधी पोर्ट्स फोल्डरातली ‘अपडेटिंग’ नावाची फाइल वाचा. मॅकवर एक्सकोडचे कमांड लाइन टूल ओएस अपडेट झाल्यावर गायब होऊ शकतात, परत टाका. आणि दोन्हीकडे ‘सेड मायनस आय’ वेगळं वागतं, त्यावर कित्येक स्क्रिप्ट अडकतात.

सगळ्यात फसवं मात्र ते बिल्ड जे फेल होतच नाही. परवा भाचीचा फोन, ‘मामा, पायएन्व्हनं पायथन टाकलं, बिल्ड झालं म्हणतंय, पण सीटाइप्स नाही म्हणतोय.’ (पायएन्व्ह म्हणजे पायथन बिल्ड करून देणारं टूल, सीटाइप्स हे पायथनचंच एक मोड्यूल.) म्हटलं, अगं, बिल्ड संपताना वर एक यादी आली असेल बघ, ‘नेसेसरी बिट्स’ वगैरे. होतीच. पायथनचं बिल्ड असं आहे की लिबएफएफआय, ओपनएसएसएल, एसक्यूलाइट यांचे हेडर नसले तर ते थांबत नाही, ते ते मोड्यूल वगळून पुढे जातं आणि जाता जाता एका परिच्छेदात सांगतं की एवढं एवढं बनलं नाही. एसएसएल वगळलं गेलं तर पिप, पायथनची पॅकेजं आणणारा, काहीच डाउनलोड करू शकत नाही, सीटाइप्स वगळलं गेलं तर दुसरंच काही पडतं, आणि दोष मात्र पिपला दिला जातो. तिला लिबएफएफआय-डेव्ह टाकायला सांगितलं, आणि मुख्य म्हणजे पायथन परत बिल्ड करायला, कारण हेडर नंतर टाकून आधीच्या बिल्डमध्ये काही आपोआप जोडलं जात नाही. ‘एवढं सगळं परत?’ म्हणाली. हो बाई, परत.

बिल्ड करताना सुडो (रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मालकाच्या, अधिकारानं कमांड चालवणं) लावू नका, इन्स्टॉल करताना लागलं तर लागलं. सुडोनं मेक केलं की अर्ध्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी साध्या युझरला ‘परमिशन डिनाइड’, मग माणूस परत सुडो लावतो, आणि हे थांबतच नाही. इन्स्टॉल पण शक्यतो प्रीफिक्स (कुठे टाकायचं तो पत्ता) देऊन होममध्येच करा, सिस्टिमच्या लायब्ररीवर आपली लायब्ररी चढवली की पॅकेज मॅनेजर कधीतरी सूड घेतो.

आणि सगळं झालं, इन्स्टॉल झालं, प्रोग्राम चालवला आणि ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ आला तर बिल्ड बरोबर आहे, परत करू नका. आता बोलतोय तो लोडर, प्रोग्राम सुरू होताना त्याच्या लायब्ऱ्या शोधून जोडणारा, आणि लायब्ररी त्याला माहीत असलेल्या फोल्डरांत नाहीये. ‘एलडीडी’ लावून बघा, ज्याच्यापुढे ‘नॉट फाउंड’ असेल ती. युझर-लोकलमध्ये टाकली असेल तर डेबियन-उबंटूवर रूट होऊन एकदा ‘एलडीकॉन्फिग’ चालवा, होममध्ये असेल तर ‘एलडी लायब्ररी पाथ’ तात्पुरता सेट करा, आणि कायमचं हवं असेल तर लिंक करतानाच आरपाथ, म्हणजे प्रोग्राममध्येच लिहिलेला लायब्ररीचा पत्ता, द्या.